परवानगी नको, अंतर हवे

गेल्या चैत्रात आमच्या गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात एक ड्रोन खाली पडला आणि एका म्हाताऱ्याच्या खांद्याचे हाड मोडले. बातमी एवढीच. ती कोठल्याही वर्तमानपत्रात आली नाही, कारण आम्ही ती येऊ दिली नाही. आम्ही म्हणजे यात्रा कमिटी. आणि निवृत्त मुख्याध्यापक म्हणून त्या कमिटीत ज्याला मानाची खुर्ची मिळते, तो मी. ड्रोन उडवणारा मुलगा माझा सख्खा भाचा. ते काम त्याला मीच मिळवून दिले होते. आणि ड्रोन पडण्यापूर्वी मिनिटभर आधी, "आणखी खाली घे, माणसांचे चेहरे दिसू देत," असे त्याला सांगणारा माणूसही मीच होतो.

हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. दिवाळी अंकातून समाजाला चार शब्द सुनावणारे लेखक बहुधा समाजाच्या बाहेर पाटावर बसून बोलत असतात. मला ती सोय उरलेली नाही. पुढे जे कठोर बोलणार आहे ते आधी मला लागू आहे आणि मग इतरांना, एवढे वाचकांनी धरून चालावे.

प्रसंग थोडक्यात असा. आमचे मैदान डोंगराच्या पायथ्याशी आहे. मध्ये तांबड्या मातीचा आखाडा, तीन बाजूंना चढ, आणि त्या चढावर सारा गाव बसतो. उन्हे कलली की हलगी कडाडू लागते, आणि शेवटच्या इनामी कुस्त्यांच्या वेळी चढावर पाय ठेवायला जागा उरत नाही. वरून पाहिले तर तांबड्या मातीभोवती फेट्यांचे आणि टोप्यांचे कडे दिसते. दृश्य देखणे असते, यात शंका नाही. त्या दृश्यासाठीच अलीकडे आमच्या भागातल्या प्रत्येक यात्रेला ड्रोन हवा असतो. शेजारच्या गावचा व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला, मग आपला दीड लाखाने पाहिला पाहिजे, असा हिशेब असतो. भाचा चढाच्या पलीकडे, मोकळ्या रानावरून ड्रोन फिरवीत होता. मी निवेदकाशेजारी बसलो होतो. समोरच्या पडद्यावर जे चित्र येत होते ते मला लांबचे वाटले. मी उठून भाच्याजवळ गेलो आणि वर लिहिलेले वाक्य बोललो. तो म्हणाला, "मामा, खाली माणसं आहेत." मी म्हणालो, "अरे, माणसांचंच तर शूटिंग करायचं आहे!" त्याने ड्रोन चढावर आणला. तेथे तीस-पस्तीस फुटांवर, दिव्यांच्या खांबांना बांधलेल्या पताकांची दोरी होती. पंख्याचे पाते दोरीत अडकले आणि नऊशे ग्रॅमचे ते यंत्र सरळ खाली आले.

खाली तात्या बसले होते. तरुणपणी याच मातीत खेळलेले, पुढे चाळीस वर्षे त्याच दगडाला टेकून कुस्त्या पाहिलेले. शेजारच्या पोरांनी आरडाओरडा केला, पण तात्यांना ना वर पाहायला वेळ मिळाला, ना बाजूला सरकायला जागा. आता त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. फेटा सुनेकडून बांधून घ्यावा लागतो. मी भेटायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "गुरुजी, आम्ही खाली बघायला येतो. वर कोण बघत बसतंय?" हा साधा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि त्या प्रश्नापायीच ड्रोनचे नियम मी मुळापासून वाचून काढले.

वाचून जे कळले ते आश्चर्याचे होते. त्या संध्याकाळी परवानगीचा एकही कागद कमी नव्हता. भाच्याकडे चालकाचे प्रमाणपत्र होते. ते एकदा मिळाले की दहा वर्षे चालते. ड्रोनला नोंदणीचा क्रमांक होता. त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा होता. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने जे ड्रोन नियम प्रसिद्ध केले, त्यांनी देशाच्या आभाळाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे तीन भाग पाडले आहेत. तांबड्या भागात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून जाता येत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्यांना विचारावे लागते. हिरव्या भागात चारशे फूट उंचीपर्यंत कोणालाच विचारावे लागत नाही. आमचे गाव नकाशावर हिरवेगार आहे, आणि भाच्याचा ड्रोन तर चाळीस फुटांवरही नव्हता.

हे रंग कशावरून ठरतात? मुख्यतः विमानतळ किती दूर आहे यावरून, आणि जेथे सरकारला आभाळ राखून ठेवायचे आहे अशा ठिकाणांवरून. खाली जमिनीवर माणसे किती आहेत, या प्रश्नासाठी त्या नकाशात रंगच नाही. चैत्रातल्या एका संध्याकाळी जेथे हजारो माणसे मांडीला मांडी लावून बसतात ती जागा, आणि एरवी जेथे दोन म्हशी चरतात ती जागा, नकाशाच्या लेखी एकच. विमानाला ड्रोनची धडक बसू नये याची काळजी नियमकर्त्यांनी घेतली, ती घेतलीच पाहिजे होती. परंतु विमान आमच्या गावावरून कधीकाळी जाते आणि तेही ढगांच्या वरून. आमच्याकडे ड्रोनच्या खाली असते ते माणसाचे डोके.

एक तरतूद मात्र नियमांत आहे. पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखादी जागा ९६ तासांपर्यंत तात्पुरती तांबडी ठरवू शकतो. बड्या पाहुण्यांच्या भेटीच्या वेळी आभाळ बंद केल्याच्या बातम्या आपण वाचतो. यात्रेतल्या मैदानासाठी, तात्यांच्या खांद्यासाठी, कोणी आभाळ बंद केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणि खरे सांगायचे तर तसे सरसकट बंद करावे, असे माझे म्हणणेही नाही.

याच्याही आधी, २०१८ साली, विमान वाहतूक महासंचालनालयाने ड्रोनचालकांसाठी 'हे करा, हे करू नका' अशी एक यादी काढली होती. माणसांच्या घोळक्यावर, जाहीर कार्यक्रमावर आणि भरलेल्या मैदानावर संमतीवाचून ड्रोन नेऊ नका, असे तीत होते. वाचून बरे वाटते. पण संमती कोणाची? आयोजकाची म्हणाल, तर आयोजक मीच होतो आणि माझी संमती तर ओसंडून वाहत होती. ज्याच्या डोक्यावरून यंत्र जायचे त्याची संमती घ्यायची म्हणाल, तर एका मैदानात ती किती जणांकडून घेणार? जी संमती ज्याने द्यायची त्याच्याकडून घेता येत नाही, ती दुसऱ्या कोणी देऊन टाकणे यासारखी सोपी लबाडी नाही. आपल्याकडे खेळ भरवणारे सगळे ही लबाडी रोज करतात, आणि तिला परवानगी म्हणतात.

युरोपीय संघाचे ड्रोनविषयक नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाले. त्यांतली गर्दीची व्याख्या मला फार शहाणपणाची वाटली. किती माणसे जमली म्हणजे गर्दी, हे ते नियम सांगतच नाहीत. दाटीमुळे जेथल्या माणसांना बाजूला होता येत नाही ती गर्दी, असे ते म्हणतात. आणि परवान्यावाचून उडवण्याच्या खुल्या वर्गातला कोणताही ड्रोन, मग तो कितीही हलका असो, अशा गर्दीवरून नेऊ देत नाहीत. अमेरिकेत वेगळा प्रकार आहे. तेथे तीस हजार किंवा त्याहून अधिक आसनांच्या मैदानात बेसबॉल वा अमेरिकन फुटबॉलच्या वरिष्ठ साखळीचा सामना असला, तर सामन्याआधी एक तासापासून सामना संपल्यावर एक तासापर्यंत, भोवतालच्या तीन सागरी मैलांत, तीन हजार फूट उंचीपर्यंत, खास मुभेवाचून ड्रोन उडवता येत नाही. नियम कडक आहे, पण तो आसने मोजतो. आमच्या चढावर एकही आसन नाही. आमच्या उपयोगाचा प्रश्न युरोपवाल्यांनी विचारला आहे: वरून काही पडले तर खालच्या माणसाला सरकता येईल काय? तात्यांना सरकता आले नाही. म्हणून ती गर्दी होती. मग नकाशा हिरवा असो की निळा.

एवढेसे यंत्र पडून असे काय होणार, असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांच्यासाठी शाळेतले थोडे गणित मांडतो. क्रिकेटच्या चेंडूचे वजन सुमारे १६० ग्रॅम. वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्यात जेवढा जोर असतो त्याच्या पाऊणपट जोर, नऊशे ग्रॅमचा ड्रोन दहा मीटरवरून पडला म्हणजे त्यात येतो. आमच्याकडे एवढ्याच उंचीवरून पडला, म्हणून खांद्यावर निभावले. तोच तीस मीटरवरून पडला असता, तर हवेचा विरोध वजा करूनही तो जोर चेंडूच्या जवळजवळ दुप्पट झाला असता. फलंदाज शिरस्त्राण घालतो, चेंडूकडे डोळे लावून उभा असतो आणि हातात फळी धरतो. प्रेक्षकाच्या डोक्यावर टोपी असते आणि त्याचे डोळे आखाड्यावर असतात. शिवाय चेंडूला फिरती पाती नसतात.

आणि यंत्र पडते. हे अपशकुनी बोलणे नव्हे. पाते चिरते, बॅटरी अचानक बसते, हजारो मोबाईलच्या कोलाहलात संदेश तुटतो, वाऱ्याचा झोत येतो, घार झडप घालते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, बैलांपुढे धावण्याच्या एका खेळाचे चित्रण करणारा ड्रोन प्रेक्षकांच्या गॅलरीत कोसळला आणि काही जण जखमी झाले. एप्रिल २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटन येथे पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीत, धावणारी एक स्पर्धक ड्रोनमुळे डोक्याला जखमी झाली. तिला टाके घालावे लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या टेनिस स्पर्धेत, सामना चालू असताना एक ड्रोन येऊन प्रेक्षकांच्या खुर्च्यांत आदळला. त्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून ती गोष्ट लोक हसत सांगतात.

सर्वांत बोलके उदाहरण इटलीतले आहे. २२ डिसेंबर २०१५ च्या रात्री मादोना दि कांपिल्यो येथे बर्फावरच्या विश्वचषक शर्यतीत, ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतारावरून येत असताना चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या पाठीमागे, अगदी हातभर अंतरावर कोसळला. क्षणभर उशीर झाला असता तर जगातला एक श्रेष्ठ खेळाडू सर्वांच्या डोळ्यांदेखत गेला असता. तो अनधिकृत, चोरटा ड्रोन नव्हता. त्याला परवानगी होती. अट एवढीच होती की धावपट्टीच्या वर यायचे नाही, बाजूने अंतर राखून चालायचे. शर्यतीच्या संचालकांनीच मागाहून सांगितले की चालकाने ही सूचना पाळली नाही. बिघाड यंत्रात झाला असेल. पण अंतर राखले असते तर बिघडलेले यंत्र रिकाम्या बर्फावर पडले असते आणि आज त्याची आठवणही कोणाला राहिली नसती.

माझा सारा मुद्दा या एका गोष्टीत आला. परवानगी आणि अंतर या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि आपण पहिलीच्या मागे धावताना दुसरी हरवून बसलो आहोत. परवानगी कागदावर असते. ती मिळते, नाकारली जाते, उशिरा मिळते, आणि आपल्या देशात कशी मिळते हे मी सांगायला नको. ड्रोन पडायला लागला की परवानगी त्याला वरच्या वर झेलत नाही. अंतर मात्र जमिनीवर असते. ते मोजायला कचेरी लागत नाही; दोरी आणि चार खुंट्या पुरतात. ते पाळले गेले की नाही, हे चढावर बसलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही सांगता येते.

येथे माझ्यावर पहिला आक्षेप येईल तो उद्योगाची बाजू घेणाऱ्यांचा. ते म्हणतील, नियम वाढवले की चिरीमिरी वाढते. २०२१ च्या नियमांनी पंचवीस अर्जांचे पाच केले, शुल्के उतरवली, म्हणून तर खेड्यातली पोरे या धंद्यात येऊ शकली. तुम्हाला पुन्हा जुने दिवस आणायचे आहेत काय? मला आणायचे नाहीत. अर्ज कमी झाले हे उत्तमच झाले. माझा भाचा तालुक्याच्या गावात राहून आपल्या हिमतीवर चार पैसे मिळवतो, तो त्यामुळेच. मी एकही नवा अर्ज मागत नाही. गर्दीच्या डोक्यावरून न्यायचा नाही, एवढे म्हणण्यासाठी कोणत्या खात्याचा शिक्का लागतो? उलट, जेथे नियम परवानगीचा असतो तेथे साहेब खूश करावा लागतो. जेथे नियम अंतराचा असतो तेथे दोरी बांधावी लागते.

दुसरा आक्षेप असा की मोठे लोक हेच करतात. क्रिकेटच्या नियामक मंडळाला फेब्रुवारी २०२१ मध्ये सामन्यांच्या हवाई चित्रणासाठी सरकारने परवानगी दिली. मग गावच्या यात्रेनेच काय पाप केले? ही परवानगी सशर्त होती, हे सांगणारे सोयीस्करपणे विसरतात. त्या मंडळाकडे अटी पाळून घेणारी माणसे आहेत, आखलेले मैदान आहे, कुंपण आहे. आमच्याकडे एक भाचा असतो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा एक मामा. मोठ्यांची हौस उचलायची आणि त्यांच्या अटी वेशीबाहेर ठेवायच्या, ही आपली जुनी खोड आहे.

तिसरा आक्षेप रसिकांचा, आणि तो मला अधिक जवळचा. वरून पाहिल्याशिवाय आता खेळ पाहिल्यासारखाच वाटत नाही, असे ते म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचे जुने प्रेक्षागार पाहिले आणि कोल्हापुरात खासबाग मैदान बांधवून १९१२ साली खुले केले. त्या मैदानाची बांधणी अशी आहे की शेवटच्या ओळीत जमिनीवर बसलेल्या माणसालाही आखाडा दिसावा. राजाने विचार केला तो प्रेक्षकाला काय दिसेल याचा. आज आम्ही विचार करतो तो प्रेक्षक कसा दिसेल याचा. वर्गणी देऊन, डोंगर उतरून आलेला माणूस हा आता पाहणारा राहिला नाही, देखाव्यातला एक ठिपका झाला. ठिपक्याला खांदा असतो हे मग लक्षात राहत नाही. आणि रसिकांना मी आणखी एक सांगतो. त्या दिवशी चढापलीकडच्या मोकळ्या रानावरून भाच्याने जे चित्र घेतले होते, तेच शेवटी व्हिडिओत राहिले आणि लोकांनी वाखाणले. मी हट्टाने घ्यायला लावलेले चित्र दोरीपाशी संपले. ते आम्ही कापून टाकले.

चौथा आक्षेप सर्वांत मोठा, कारण तो कोणी बोलून दाखवत नाही. आजवर काही झाले नाही, देवाची कृपा आहे, असा तो आहे. काही झाले नाही असे का वाटते, ते आता सांगतो. नियमाप्रमाणे ड्रोनचा अपघात झाला तर ४८ तासांच्या आत सरकारच्या 'डिजिटल स्काय' या व्यवस्थेवर कळवावे लागते. भाचा कळवणार होता. कमिटी रात्रीच बसली. गावाचे नाव जाईल, पुढच्या वर्षी नामांकित मल्ल यायचे नाहीत, पोलीस मैदानच बंद करतील, आणि पोराचे प्रमाणपत्र जाईल, असे एकेक जण बोलला. मी गप्प राहिलो. मी गप्प राहिलो म्हणून भाचा गप्प राहिला. अपघात कळवला नाही म्हणून विम्याकडे जायची वाट बंद झाली. विमा असूनही तात्यांच्या मुलाने दवाखान्याचे पैसे उसने काढून भरले. कमिटीने पाच हजार रुपये, शाल आणि नारळ दिला. शाल मीच पांघरली, डाव्या खांद्यावरून, कारण उजवा प्लास्टरमध्ये होता. आता सरकारदप्तरी आमच्या गावात काही झालेले नाही. अशी किती गावे असतील, ज्यांच्यावर देवाची कृपा आहे?

या सगळ्यात चालकाचे स्थान काय, ते पाहिले पाहिजे. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि तो पडला तर पडणार चालकावर. पण मैदानात चालकाच्या हातात काय असते? पुढे एकदा भाच्याला मी विचारले, "तुला कळत होतं, मग तू नाही का म्हणाला नाहीस?" तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुम्हाला नाही म्हटलं असतं एक वेळ. बाकीच्यांना कसं म्हणू? मी नाही म्हटलं की दुसऱ्याला फोन जातो. तो वीस मिनिटांत मोटारसायकलवर येतो, आणि तो खाली घेतो." त्याच्या कमाईचा हप्ता बँकेत जातो, यंत्राचे कर्ज अजून फिटलेले नाही. ज्याला नाही म्हणण्याची किंमत सोसत नाही, त्याच्या विवेकावर सगळ्या मैदानाची सुरक्षितता टांगून ठेवायची, आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात, जो हुकूम सोडतो, त्याला नियमात कोठे शोधूनही धरायचे नाही, हा कसला न्याय? 'खाली घे' असे म्हणणाऱ्याला आज कोणतीही जबाबदारी नाही. मी हे अनुभवाने सांगतो. मला आजतागायत कोणी एक प्रश्नही विचारलेला नाही.

आपल्या खेळांवर नियम बसवायची आपल्याला सवय नाही असेही नाही. बैलगाडा शर्यतीत बैलाचे हाल होतात म्हणून ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या. महाराष्ट्राने कायदा केला, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो उचलून धरला, तेव्हा अटी घालून शर्यती पुन्हा सुरळीत झाल्या. दहीहंडीचे थर किती उंच असावेत, गोविंदा किती वयाचा असावा, यावर २०१४ पासून उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद झाले. हे सर्व योग्यच झाले. बैलाला बोलता येत नाही म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी बोलले. चढावर बसलेल्या माणसाला बोलता येते, म्हणूनच की काय, त्याच्या वतीने कोणी बोलत नाही.

तेव्हा माझे मागणे काय ते मांडतो. सरकारने केले तर उत्तम. सरकारची वाट न पाहता कोणत्याही यात्रा कमिटीला, मंडळाला, क्रीडा संघाला उद्यापासून ते पाळता येईल. पहिले, गर्दीवरून ड्रोन नाही. ज्यांना सरकता येत नाही त्यांच्या वर कधीच नाही. गर्दीपासून आडवे अंतर ड्रोनच्या उंचीपेक्षा कमी नसावे, आणि ते कोणत्याही परिस्थितीत तीस मीटरांच्या आत येऊ नये. दुसरे, एवढी पट्टी दोरी लावून मोकळी ठेवावी. ड्रोनने तेथूनच चढावे, तेथेच उतरावे, आणि पडायचे तर तेथेच पडावे. तिसरे, चालकाची नजर पडद्यावर असते, म्हणून यंत्राकडे, दोऱ्यांकडे, तारांकडे आणि घारींकडे पाहणारा दुसरा माणूस त्याच्या शेजारी हवा, आणि त्याने दुसरे काही करू नये. चौथे, काम देणाऱ्याने सही करावी की विमा आणि प्रमाणपत्र मी पाहिले आहे, आणि अपघात झाल्यास तो कळवण्याची जबाबदारी चालकाइतकीच माझी आहे. पाचवे आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे: ड्रोन कधी उतरवायचा हे चालकच ठरवील, आणि त्याने मध्येच उतरवला तरी त्याची ठरलेली बिदागी पुरी मिळेल, हे आधी लिहून द्यावे. नाही म्हटल्याने ज्याचे पैसे बुडत नाहीत, तोच माणूस नाही म्हणू शकतो.

भाद्रपदात आमच्या कमिटीच्या बैठकीत मी हा ठराव मांडला. झाले ते सगळे सांगितले. तात्यांच्या मुलाचे पैसे कमिटीने भरून द्यावेत, हेही त्यात घातले. कोणी विरोध केला नाही आणि कोणी होही म्हटले नाही. एकाने विचारले, "गुरुजी, मग माणसांचे चेहरे कसे यायचे?" मी म्हणालो, एका पोराच्या हातात कॅमेरा द्या आणि त्याला माणसांत फिरू द्या, चेहरे समोरून दिसतात. ठराव दिवाळीनंतरच्या बैठकीवर गेला आहे. तोवर दवाखान्याचे पैसे मी माझ्या निवृत्तिवेतनातून दिले. यात मोठेपणा काही नाही. ते देणे माझेच होते, फक्त सहा महिने उशिरा दिले.

दिवाळी सरली की गावोगावच्या यात्रा आणि मैदाने सुरू होतील. हा अंक तुमच्या हातात असेल त्याच सुमारास वर्गणीच्या वह्या निघतील. त्या वहीत खर्चाच्या अंदाजात ड्रोनची रक्कम लिहिलेली दिसली, तर वाचकहो, एकच प्रश्न विचारा: तो उडणार कोठून? मोकळ्या रानावरून, असे उत्तर आले तर आनंदाने दोन रुपये जास्त द्या. परवानगी काढली आहे, एवढेच उत्तर आले, तर वही परत करा आणि सांगा, आमच्या डोक्यावरून जायची परवानगी आम्ही कोणालाच दिलेली नाही.